शहर पायी वाचायला शिकवणारा प्राध्यापक

मुंबई विद्यापीठाने १९१९ साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तेव्हा पहिले प्राध्यापक म्हणून पासष्टीला टेकलेल्या एका स्कॉटिश गृहस्थांची नेमणूक झाली. त्यांच्या नावापुढे विद्यापीठाची एकही पदवी नव्हती. त्याआधी तीस वर्षे ते वनस्पतिशास्त्र शिकवत होते. दाढीचे रान वाढलेले, केस विस्कटलेले, कोटाचे खिसे टिपणांनी फुगलेले आणि बोलणे इतके भरभर आणि पुटपुटते की पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यालाही ते धड ऐकू येऊ नये. असे असूनही शहर म्हणजे काय, ते कसे पाहावे आणि त्याला हात लावण्यापूर्वी काय समजून घ्यावे, हे या गृहस्थांनी ज्या रीतीने शिकवले, तशी रीत त्यापूर्वी फारशी कोणाच्या अंगवळणी पडली नव्हती. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. त्यांच्या विद्येचे मुख्य साधन होते पायी चालणे.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील अलेक्झांडर सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवरील एका छोट्या घरात राहायला आले. घराभोवती बाग होती. बटाटे लावणे, रोपांची निगा राखणे, ऋतूंप्रमाणे बागेत होणारे बदल न्याहाळणे हे या मुलाचे पहिले शिक्षण ठरले. सुटीच्या दिवशी वडील त्याला घेऊन टेकडीवर फिरायला जात. वरून खाली पाहिले की टे नदी, तिच्या काठचे पर्थ शहर, पलीकडची शेते आणि दूरवरचे डोंगर एका नजरेत येत. नदीमुळे शहर कसे वसले, डोंगरातून काय खाली येते आणि शहरातून काय वर जाते, हे त्याला पुस्तकाआधी डोळ्यांनी दिसले. पुढे डोंगरापासून समुद्रापर्यंतचा एक उभा छेद काढून त्यावर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, माळी आणि कोळी यांना आपापल्या जागी बसवणारी त्यांची प्रसिद्ध आकृती तयार झाली. तिचे मूळ या टेकडीवरच्या फेरफटक्यात होते.

वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी त्यांनी एडिंबरा विद्यापीठात नाव घातले खरे, पण आठवडाभरातच तेथील कोंदट अध्यापनाला कंटाळून त्यांनी ते सोडले आणि लंडन गाठले. तेथे थॉमस हेन्री हक्स्ली यांच्या हाताखाली त्यांना प्राणिशास्त्राची शिस्त मिळाली. हक्स्लींनी १८७८ मध्ये त्यांना फ्रान्सच्या किनाऱ्यावरील रॉस्कॉफ येथील सागरी प्रयोगशाळेत पाठवले. तेथे शरीरात हिरवे शैवाल बाळगणाऱ्या एका चपट्या कृमीचा त्यांनी अभ्यास केला. जीवसृष्टी केवळ झगड्यावर चालत नाही, परस्परांच्या आधारावरही चालते, ही जाणीव या अभ्यासातून त्यांच्या मनात पक्की झाली. पुढे पॅरिसमध्ये समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांचे विचार त्यांच्या कानी पडले. माणसांचे जीवन समजून घ्यायचे तर ती जागा, तेथील काम आणि तेथील कुटुंब या तिन्हींचा एकत्र विचार करायला हवा, असे ल प्ले यांचे सूत्र होते. वनस्पतीला जसे तिच्या मातीपासून वेगळे काढून समजता येत नाही, तसे माणसालाही त्याच्या वस्तीपासून वेगळे काढून समजता येणार नाही, हे जीवशास्त्राच्या या विद्यार्थ्याला लगेच पटले.

मग एक आघात झाला. १८७९ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी अचानक गेली. अनेक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. पाहणे हेच ज्याचे काम, त्याच्यावर न पाहण्याची सक्ती झाली. त्या काळात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपडताना विचारांची मांडणी अशाच चौकटींत करता येईल, हे त्यांना सुचले. कागदाच्या घड्या पाडून त्यावर आपले विचार मांडण्याची सवय त्यांना जन्मभर राहिली. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे पुढे त्यांना झेपेना. सूक्ष्मदर्शकाखालच्या जगाकडून शहरांच्या मोठ्या जगाकडे ते वळले, त्यामागे हेही एक कारण होते.

शहराचा पहिला धडा त्यांनी स्वतःच्या संसारातून गिरवला. १८८६ मध्ये त्यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. ॲना लिव्हरपूलच्या व्यापारी घराण्यातील, संगीतात गती असलेल्या आणि समाजकार्याची ओढ असलेल्या होत्या. त्या काळी एडिंबरामधील सुस्थितीतील मंडळी सरळ रेषेतल्या, प्रशस्त नव्या शहरात राहत. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारे जुने शहर गरिबांना सोडून दिलेले होते. पाच-सहा मजल्यांच्या दगडी चाळी, त्यांच्यामधून जाणारे बोळ, अंधारे जिने, एकेका खोलीत एकेक कुटुंब, पाण्याची टंचाई आणि घाण असे त्याचे रूप झाले होते. नवविवाहित गेडिस दांपत्य या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट नावाच्या चाळीत राहायला आले. आप्तेष्टांना हा वेडेपणा वाटला.

या चाळीत गेडिस यांनी जे केले, त्यात भव्य असे काही नव्हते. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी झाडलोट केली, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या बसवल्या. पण या किरकोळ वाटणाऱ्या कामामागे एक ठाम भूमिका होती. रोगट वस्ती दिसली की ती जमीनदोस्त करावी आणि रुंद रस्ता काढावा, असा त्या काळचा सरकारी खाक्या होता. पाडलेल्या घरांतील माणसे मग जवळच्याच दुसऱ्या वस्तीत जाऊन गर्दी करत आणि रोग तेवढा जागा बदलत असे. गेडिस यांनी दुसरी वाट धरली. एका बोळात हवा यावी म्हणून जेवढे काढणे अत्यावश्यक, तेवढेच काढायचे. भक्कम दगडी इमारत असेल तर ती दुरुस्त करायची. तेथील माणसे तेथेच राहतील हे पाहायचे. एकामागून एक जुन्या इमारती घेऊन त्यांनी त्या सुधारल्या, काहींत विद्यार्थ्यांनी स्वतःच कारभार पाहावा अशी वसतिगृहे १८८७ पासून सुरू केली आणि किल्ल्याच्या पायथ्याशी रॅम्से गार्डनची वास्तू उभी केली. पैशाचा हिशेब हा त्यांचा प्रांत नव्हता. कर्ज वाढत गेले आणि अखेर त्यांच्या मालमत्तांचा कारभार पाहण्यासाठी मित्रांना १८९६ मध्ये एक कंपनी काढावी लागली. आर्थिक ओढाताणीचा भार मोठ्या प्रमाणात ॲना यांनी सोसला.

१८८८ पासून गेडिस डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ही नोकरी वर्षातून केवळ उन्हाळी सत्रापुरती होती. बाकीचा काळ एडिंबरासाठी मोकळा राही. १८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळची एक उंच इमारत ताब्यात घेतली. तिच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. अंधाऱ्या खोलीत वरच्या भिंगा-आरशातून आलेला प्रकाश मधल्या पांढऱ्या मेजावर पडे आणि त्यावर भोवतालचे शहर हलत्या चित्रासारखे उमटे. रस्त्यावरून जाणारी माणसे, धुराडी, खाडीवरची जहाजे सारे त्यावर दिसे. पूर्वी लोक हे करमणूक म्हणून पाहत. गेडिस यांनी त्या इमारतीची शाळा केली आणि तिला आउटलुक टॉवर हे नाव दिले.

या शाळेतील शिकवणीचा क्रम ठरलेला होता. आलेल्या विद्यार्थ्याला प्रथम भराभर जिने चढवून थेट माथ्यावर नेले जाई. धाप लागलेल्या अवस्थेत तो मेजावरचे शहर पाही, मग बाहेरच्या सज्जावर येऊन तेच शहर उघड्या डोळ्यांनी पाही. त्यानंतर एका लहानशा, जवळजवळ रिकाम्या खोलीत त्याने थोडा वेळ एकटे बसून पाहिलेल्या गोष्टींचा विचार करावा अशी योजना होती. मग एकेक मजला खाली उतरायचे. वरचा मजला एडिंबराचा, त्याखाली स्कॉटलंड, त्याखाली इंग्रजी भाषा बोलणारे देश, मग युरोप आणि तळाशी जग. आपल्या गल्लीपासून सुरुवात करून जगापर्यंत पोहोचायचे आणि जगाचा विचार करताना आपली गल्ली विसरायची नाही, असा हा जिन्याचा अभ्यासक्रम होता.

मनोऱ्यातून उतरल्यावर खरा वर्ग सुरू होई. गेडिस दरवर्षी उन्हाळ्यात जी शिबिरे भरवत, त्यांना देशोदेशीचे शिक्षक, विद्यार्थी आणि अभ्यासक येत. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ एलिझे रेक्ल्यू यांच्यासारखी माणसे तेथे व्याख्याने देत. पण व्याख्यानाच्या जोडीला फिरणे असेच. किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंतच्या उतरणीवर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन गेडिस चालत आणि थांबत. येथे दगड कोणत्या खाणीतला आहे, घरे इतकी उंच का चढली, शहराच्या तटबंदीने जागा कशी आवळली, बोळांचा उतार कोणत्या बाजूला आहे, वारा कोठून येतो, सरदारांचे वाडे कधी ओस पडले आणि त्यांत मजूर कधी आले, हे सारे ते त्या त्या जागी उभे राहून दाखवत. दाराच्या चौकटीवरची कोरीव अक्षरे, बुजवलेली खिडकी, अंगणातील एकुलते झाड ही त्यांची पाठ्यपुस्तकाची पाने होती. शाश्वत वास्तुकला हा शब्द त्या काळी कोणाच्या ओठी नव्हता. तरी स्थानिक दगड, मिळणारा सूर्यप्रकाश, वाहती हवा, पावसाचे पाणी आणि उभ्या असलेल्या इमारतीचा पुन्हा उपयोग हे आज त्या विषयात शिकवले जाणारे मुद्दे त्यांच्या फेरीत ओघाने येत.

या चालण्यातून केवळ ज्ञान मिळवून थांबायचे नाही, काही करायचे, असा त्यांचा आग्रह असे. जुन्या शहरात मोकळ्या जागा शिल्लकच नाहीत, अशी सर्वांची समजूत होती. आउटलुक टॉवरच्या कार्यकर्त्यांनी बोळाबोळांतून फिरून पाहणी केली, तेव्हा पडीक, कचऱ्याने भरलेले असे ७६ तुकडे आढळले. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १० एकर भरले. त्यांपैकी काही जागांवर बागा झाल्या. त्या कामात गेडिस यांची कन्या नोरा हिचा मोठा वाटा होता. मुले तेथे माती खणत आणि रोपे लावत. कागदावरच्या नकाशात न दिसलेले १० एकर पायांनी शोधून काढले होते.

१९०४ मध्ये डनफर्मलिन या गावासाठी केलेल्या आराखड्याने आणि त्यानंतर शहरांविषयीच्या फिरत्या प्रदर्शनाने गेडिस यांचे नाव ब्रिटनबाहेर गेले. १९१३ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे त्या प्रदर्शनाला सन्मान लाभला. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये ते मुलगा अलास्डेअर याला घेऊन भारताकडे निघाले. प्रदर्शनाचे नकाशे, चित्रे आणि प्रतिकृती क्लॅन ग्रँट नावाच्या दुसऱ्या जहाजाने येत होत्या. महायुद्ध सुरू झाले होते आणि जर्मन युद्धनौका एमडेनने ते जहाज बुडवले. अनेक वर्षांचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. मायदेशातील मित्रांनी धावपळ करून नवा संग्रह जमवून पाठवला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले. 'सिटीज इन इव्होल्यूशन' हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथही त्याच वर्षी प्रकाशित झाला.

भारतात त्यांनी पुढील काही वर्षांत मद्रास इलाख्यातील गावांपासून लाहोर, लखनौ, बलरामपूर, कपुरथळा, नागपूर, अहमदाबादपर्यंत अनेक शहरांच्या पाहण्या केल्या. मुंबई इलाख्यातील ठाण्यासह काही गावांवरही त्यांनी अहवाल दिले. भारत आणि पॅलेस्टाइन मिळून अशा शहरांची संख्या पन्नासच्या आसपास जाते. पद्धत सर्वत्र तीच होती. पहाटे उठून ते गल्ल्यांतून चालू लागत. अभियंत्याच्या नकाशात ज्या जागी नुसती दाट काळी रेघोटी असे, तेथे त्यांना विहीर, पार, पिंपळ, देऊळ, मशीद, पडके जोते, गुरांचा गोठा आणि सावलीत बसलेल्या बायका दिसत. वैद्याने आधी नाडी पाहावी, मग निदान करावे आणि मगच औषध द्यावे, तसा हा क्रम होता. म्हणूनच आपल्या पद्धतीला त्यांनी वैद्यकातले नाव दिले, कन्झर्व्हेटिव्ह सर्जरी. अवयव कापून टाकण्याआधी तो वाचवण्याची खटपट करणारी शस्त्रक्रिया, असा तिचा अर्थ.

तंजावरच्या किल्ल्यातील वस्तीबाबत हे सर्वांत स्पष्ट दिसते. दाट घरांवर सरळ रस्त्यांची जाळी बसवून ती वस्ती पाडण्याची योजना तयार होती. गेडिस यांनी घरोघर फिरून आखलेल्या पर्यायात पडकी, निरुपयोगी बांधकामे तेवढी हटवायची होती. त्या मोकळ्या झालेल्या जागा जोडून लहान चौक आणि वाटा काढायच्या आणि बहुतेक घरे राखायची, असा तो बेत होता. खर्च मूळ योजनेच्या तुलनेत कितीतरी कमी येणार होता आणि बेघर होणारी कुटुंबेही मोजकीच राहणार होती. याला वेळ लागतो आणि चिकाटी लागते, कारण नकाशा कचेरीत बसून काढता येत नाही, हीच त्यातली अडचण होती.

पाण्याच्या बाबतीतही त्यांचे म्हणणे प्रवाहाविरुद्ध होते. तळ्यांत डास होतात म्हणून तळी बुजवावीत, असे आरोग्यखात्याचे त्या काळचे मत होते. गेडिस यांना तळी म्हणजे शहरातील हवा थंड ठेवणारी, भूजल राखणारी आणि पूर झेलणारी व्यवस्था वाटे. डासांसाठी तळ्यात मासे सोडावेत, बदके पाळावीत आणि काठ स्वच्छ ठेवावेत, असा जीवशास्त्रज्ञाला साजेसा उपाय ते सुचवत. मुंबईत धोबी तलाव आणि गोवालिया टँक ही नावे आजही आहेत, तळी मात्र बुजली आहेत. अहमदाबादची तटबंदी पाडू नये, असेही त्यांचे मत होते. तीही पुढच्या काळात बहुतांशी गेली.

१९१७ हे वर्ष गेडिस यांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचे ठरले. अलास्डेअर आता युद्धावर होता. एप्रिलमध्ये तो फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. तार आली तेव्हा ॲना भारतात आजारी होत्या. पतीने ही बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली. मुलगा सुखरूप आहे अशा समजुतीतच जूनमध्ये त्यांनी देह ठेवला. आउटलुक टॉवरची धुरा ज्याच्या खांद्यावर द्यायची, तो मुलगा आणि तीस वर्षे कर्जाच्या व कामाच्या ओझ्यात साथ देणारी पत्नी, दोघेही दोन महिन्यांत गेले. गेडिस काम करत राहिले. त्याच वर्षी दार्जिलिंगला त्यांनी भरवलेल्या शिबिरात जगदीशचंद्र बोस आणि रवींद्रनाथ टागोर सहभागी झाले. बोस यांचे चरित्र गेडिस यांनी लिहिले आणि ते १९२० मध्ये प्रसिद्ध झाले.

या दुःखाच्या छायेतच त्यांनी होळकरांच्या इंदूरचे काम हाती घेतले. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेला दोन खंडांचा इंदूर अहवाल हा त्यांच्या भारतीय कामाचा कळस मानला जातो. नदीकाठ, वृक्ष, बागा, जुने वाडे, गिरणी कामगारांच्या वस्त्या, सांडपाणी बागांना देऊन माती सुपीक करण्याची योजना, इतकेच काय पण नव्या विद्यापीठाची कल्पनाही त्यात आहे. इंदूरच्या मुक्कामातील एक हकिगत त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून सांगितली आहे. शहरात प्लेगची भीती होती आणि घरे स्वच्छ करा या हुकुमाला कोणी दाद देत नव्हते. गेडिस यांनी दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे मागून घेतली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ असतील त्या रस्त्यांनी जाईल, अशी दवंडी पिटली गेली. पाहता पाहता शहर झाडलोटीला लागले. मिरवणुकीत हत्ती-घोड्यांबरोबर घाणीच्या राक्षसाची आणि प्लेगच्या उंदराची प्रचंड चित्रे निघाली. स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतील सफाई कामगार मानाने चालले. शेवटी राक्षसाला आग लावण्यात आली आणि लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. चाळीत खिडकीखाली फुलझाडांच्या पेट्या बसवणाऱ्या तरुणाचेच हे प्रौढ रूप होते. फरक इतकाच की या वेळी सारे शहर चालत होते आणि चालता चालता शिकत होते.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात रुजू झाले, तेव्हा या शहरालाही असाच प्रश्न भेडसावत होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांमधून रुंद रस्ते काढले होते. उठवलेल्या माणसांसाठी पुरेशी घरे मात्र उभी राहिली नव्हती. १९२० पासून सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी बांधायला घेतल्या. गेडिस यांच्या दृष्टीने हा विषय ग्रंथालयात बसून शिकण्याचा नव्हता. विद्यार्थ्याने आपले गाव, आपली पेठ, आपली चाळ आधी पाहावी, तिची पाहणी लिहावी आणि मग सिद्धान्ताकडे यावे, असा त्यांचा दंडक होता. त्यांच्या विभागात नकाशे, छायाचित्रे आणि आकृत्या यांची रेलचेल असे. व्याख्यान एका विषयावर सुरू होई आणि तिसऱ्याच विषयावर संपे. परीक्षेसाठी टिपणे हवी असणारे विद्यार्थी गोंधळून जात. वर्ग मोठा कधीच नव्हता.

त्या वर्गातून गेलेल्या एका विद्यार्थ्याने मात्र इतिहास घडवला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे संस्कृतचे अभ्यासक होते. गेडिस यांच्या सांगण्यावरून त्यांनी नागरी केंद्र म्हणून मुंबई या विषयावर निबंध लिहिला आणि त्याच्या बळावर त्यांना परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली. परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी गेडिस यांच्या विभागाची धुरा हाती घेतली आणि १९५९ पर्यंत ती सांभाळली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अक्षयकुमार देसाई यांसारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. घुर्ये यांची वाट गुरूपेक्षा वेगळी होती आणि ग्रंथांवर त्यांचा भर अधिक होता. तरी त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी आपलेच शहर विषय म्हणून पाहण्याचा एक निबंध आहे, हे विसरता येत नाही.

गेडिस यांच्या मर्यादाही मोठ्या होत्या. ते एकाच वेळी दहा कामे आरंभत आणि त्यांतली निम्मी अपुरी राहत. त्यांचे लेखन अनेकदा दुर्बोध असे. परकीय सत्तेच्या आणि संस्थानिकांच्या आश्रयाने ते काम करत होते. त्यामुळे निर्णय ज्यांच्या हाती असत, त्यांची मर्जी फिरली की अहवाल कपाटात जाई. त्यांच्या बहुतेक भारतीय अहवालांच्या वाट्याला हेच आले. ज्या वस्त्या वाचवा म्हणून त्यांनी सांगितले, त्यांपैकी कितीतरी पाडल्या गेल्या.

मुंबईतील काळातही त्यांची भ्रमंती सुरूच होती. जेरुसलेममधील हिब्रू विद्यापीठाची योजना त्यांनी आखली आणि १९२३ मध्ये अमेरिकेस जाऊन आपले तरुण चाहते लुइस ममफर्ड यांची भेट घेतली. पुढे शहरांचा इतिहासकार म्हणून जगभर गाजलेल्या ममफर्ड यांनी गेडिस यांना सदैव गुरुस्थानी मानले. प्रकृती खालावल्याने १९२४ मध्ये गेडिस यांनी भारत सोडला आणि दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे ते स्थायिक झाले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अविव शहराचा आराखडा दिला. पादचाऱ्यांना सोयीच्या आतल्या गल्ल्या, घरांच्या गटांमध्ये राखलेल्या बागा आणि चौक हे त्याचे वैशिष्ट्य होते. युनेस्कोने २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेला त्या शहराचा पांढरा भाग बऱ्याच अंशी या आराखड्यावर उभा आहे.

माँपेलिएच्या खडकाळ माळावर त्यांनी कॉलेज दे झेकोसे हे विद्यार्थ्यांचे निवास आणि अभ्यासकेंद्र उभारले. तेथेही बाग होती, वरून प्रदेश पाहता येईल असा मनोरा होता आणि विद्यार्थ्यांना घेऊन भोवतालच्या टेकड्यांत फिरणे होते. पूर्वी नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांचे निधन झाले. पर्थच्या टेकडीवर वडिलांचे बोट धरून सुरू झालेला फेरफटका या माळावर संपला.

१९४७ मध्ये जॅकलिन टिरव्हिट यांनी त्यांच्या भारतीय अहवालांतील निवडक भाग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि विस्मृतीत गेलेली ही पद्धत नगररचनेच्या नव्या पिढीपुढे आली. एडिंबराच्या जुन्या आणि नव्या शहराला १९९५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पाडण्यासाठी ठरलेल्या त्या चाळींपैकी अनेक आज त्या वारशाचा भाग आहेत. अहमदाबादेत १९९७ पासून जुन्या पोळांमधून नियमित वारसा-फेरी निघते आणि २०१७ मध्ये त्या शहरालाही तोच दर्जा लाभला. वास्तुकलेचे विद्यार्थी आज वहीत भिंतीची जाडी, चौकातली सावली, टाक्यातले पाणी यांची नोंद करत जुन्या पेठांतून हिंडतात, तेव्हा त्यांपैकी अनेकांना गेडिस हे नाव ठाऊक नसते.

तसे असले तरी बिघडत नाही. गेडिस यांच्या आराखड्यांपैकी थोडेच प्रत्यक्षात उतरले. मागे राहिला तो त्यांचा क्रम. आधी चालायचे, मग पाहायचे, मग तेथे राहणाऱ्याला विचारायचे आणि नकाशावर रेघ ओढण्यासाठी पेन्सिल उचलायची ती सर्वांत शेवटी. एडिंबराच्या जुन्या शहरात पडीक तुकड्यांवर झालेल्या त्या बागांपैकी जॉन्स्टन टेरेसवरची एक बाग अजून जिवंत आहे. किल्ल्याच्या कड्याखालची ती इवलीशी हिरवी जागा कोणत्याही मोठ्या आराखड्यात नव्हती. गल्लीतून पायी जाणाऱ्या कोणाला तरी ती दिसली होती.